जुनी स्पोर्ट्स कार घरीच खोलावी का?

दोनसीटवाला
परतवाड्याजवळच्या खेड्यात राहतो. माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे, 1998 मध्ये बाजारात आलेली गोव्याची ती दोन सीटांची उघडी गाडी. फायबरग्लासची बॉडी, रेनॉचं 1149 सीसी इंजिन. हिचा पार्ट मागितला की दुकानदार आधी बाहेर येऊन गाडीच बघतो.

एका गॅरेजात दिली होती. पावणेदोन महिने उन्हात उभी राहिली, आणि परत आली ती मागच्या कोपऱ्याला तडा घेऊन. जॅक सरळ बॉडीखाली लावलेला! पत्र्याला पोचा येतो, फायबर तडकतं. तेव्हापासून घरीच करतो. तडा फायबरग्लासची मॅट आणि रेझिननं भरला. पहिल्या खेपेला मे महिन्यात भर दुपारी रेझिन कालवलं, ते घट्ट करणारा हार्डनर नेहमीइतकाच टाकला. ब्रश बुडवेपर्यंत वाटीतच दगड झाला, वर वाटीचा हाताला चटका. आता ते काम पहाटे पाचला.

पुढचा नंबर ब्रेकच्या रबरी पाइपांचा. माझं मत स्पष्ट आहे: अशी गाडी असेल तर मालकानंच मिस्त्री व्हावं.

घाटउतार
फायबर करा, रंग करा, सीट शिवा. ब्रेक नको राजेहो. चिखलदऱ्याहून उतरताना पाय ब्रेकवरून उठत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट 3 दर्जाचं ऑइल ताजं असेल तर निदान 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, ओलावा धरलेलं 140 च्या आसपासच उकळू शकतं. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. म्हणजे पेडल सरळ तळाला. रेझिनची चूक वाटीत कळली, ही घाटात कळेल.

पानापकड
भाऊ, हे तं गॅरेजवाल्यालेही लागू हाय ना. आमच्या इकडं उघडा डब्बा सहा महिने फळीवर राह्यते अन् तोच ओततेत. मालक निदान नवा डब्बा तं फोडते.

घाटउतार
मान्य. पण त्यानं शेकडो ब्रेकांच्या पाइपांत शिरलेली हवा काढलेली असते, पेडल मऊ लागलं की पायालाच कळतं. यांची पहिली वेळ. आणि गाडी उचलून ठेवणार कशावर? घोड्या आहेत का?

दोनसीटवाला
आता आहेत. पहिल्यांदा विटांवर ठेवली होती, खोटं कशाला बोलू. एका विटेचा भुगा झाला. मी खाली नव्हतो.

घाटउतार
झालं! हेच म्हणत होतो मी.

काळीमाती
तुम्ही ब्रेकवरून भांडताय, पेट्रोलच्या नळ्यांचं कोणी बोलेना. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यानं फुगतं, मऊ पडतं. माझ्या जुन्या गाडीची नळी बोटानं दाबली तर ओली लागली. ते आधी बघा, ब्रेक मागून. तसंही पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणीला गाडी तपासून घ्यावी लागते, मग गॅरेज टाळून कुठवर टाळाल? आणि वेचणीच्या दिवसांत गाडीखाली झोपायला वेळ कुणाकडे आहे, हा माझा खरा प्रश्न.

दोनसीटवाला
वेळेचं घरचेही तेच म्हणतात. नळ्या आजच बघतो. ब्रेकचे पाइप मीच बसवणार, पण हवा काढताना गावातल्या म्हाताऱ्या ट्रॅक्टर मिस्त्रीकाकांना खुर्ची टाकून बसवतो. मत बदललेलं नाही, फक्त खुर्ची वाढली. अडचण वेगळीच आहे: नव्या पाइपाचे आटे जुन्या जागी बसत नाहीत. कोणतं माप असेल?

पानापकड
बऱ्याच गाड्यांले 10 बाय 1 चे राह्यते, म्हंजे 10 मिलिमीटर जाडी अन् दोन आट्यांत 1 मिलिमीटर अंतर. पण अंदाजानं घेऊ नका, जुना पाइप घेऊन अमरावतीले जा अन् दुकानातच जुळवून पाहा. हातानं चार आटे गेले नाई तं पाना लावूच नका.

घाटउतार
आणि पहिली चक्कर सपाट रस्त्यावर, हँडब्रेक तपासून. मी येतो बघायला, पण गाडीत बसणार नाही.