मदत हवी आहे: 'चॉकलेट' मूळ थाई आवाजात कुठे मिळेल?

मंडळी, दिग्दर्शक प्राच्या पिंकाएव यांचा 'चॉकलेट' (2008) हा थाई मारधाडपट मूळ थाई संवाद आणि सबटायटल्ससह कुठे बघता येईल? मला सापडतोय तो डब केलेला, आणि ते आवाज अक्षरशः ऐकवत नाहीत. झेन ही स्वमग्न मुलगी नुसतं बघून बघून मुए थाई (थाई बॉक्सिंग) शिकते आणि आजारी आईची जुनी येणी वसूल करायला निघते. बर्फाच्या कारखान्यातली मारामारी तर मला परत बघायचीच आहे! झेन साकारणारी जीजा यानिन मुळात तायक्वांदोवाली, त्यामुळे लाथा कशा खणखणीत बसतात.

शिवाय, अकरा वर्षांची भाची कराटे शिकते. तिला दाखवू का? रक्तपात बराच आहे, शेवटी श्रेयनामावलीत चित्रीकरणातल्या खऱ्या दुखापतीही दाखवल्यात. मुलांसोबत पाहिलेल्यांनी जरूर सांगा.