एन्सेलाडसच्या फोटोंचा मोझेक करायचा आहे, सल्ला हवा

खानापूरकर:
नमस्कार. मी बेळगावात बीएस्सी करते. कॅसिनी यानाने काढलेले फोटो जोडून शनीच्या एन्सेलाडस या चंद्राच्या दक्षिण ध्रुवाचा मोझेक, म्हणजे एकसंध मोठं चित्र, करायचाय. पॅनोरामा जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बर्फातल्या भेगा जुळत नाहीत, जोडाच्या रेघा उठून दिसतात. लॅपटॉप साधा आहे, ८ जीबी रॅमचा. पावसात गावाकडं नेट आणि लाइट दोन्हींचा भरवसा नसतो. काय वापरू? की आधी गुरूचा चंद्र युरोपा घेऊ?

निपाणीचा मास्तर:
ताई, युरोपा आत्ता नको. तिथं गेलेल्या गॅलिलिओ यानाचा मोठा अँटेना उघडलाच नाही, त्यामुळं फोटो थोडे आले. काही अगदी जवळचे, काही फार लांबचे. ते जुळवणं नवख्याला जड जातं. एन्सेलाडसच धरा.

पॅनोरामावालं सॉफ्टवेअर सोडा. कॅमेरा एका जागी उभा राहून फिरतोय असं ते धरून चालतं. इथं यान पळतंय आणि समोर जेमतेम ५०० किमी व्यासाचा गोळा आहे. म्हणून आधी प्रत्येक फोटो नकाशावर बसवायचा, जोडायचं त्यानंतर. यासाठी आयसिस हे सॉफ्टवेअर घ्या. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचं आहे, फुकट आहे. विंडोजवर लिनक्स टाकून चालतं.

फोटो पीडीएसमधूनच, म्हणजे नासाच्या मूळ डेटाच्या संग्रहातूनच घ्या. वेबसाइटवरच्या जेपीजीत उजेड आधीच ताणलेला असतो, दोन फोटोंचा मेळ बसत नाही. आयसिसमधल्या आज्ञांचा क्रम असा: सिसटूआयसिस (फोटो आत घ्यायला), स्पाइसइनिट (यानाची जागा जोडायला), सिसकॅल (उजेडाची मोजणी दुरुस्त करायला), मग कॅमटूमॅप (नकाशावर बसवायला). स्पाइसइनिटमध्ये वेबचा पर्याय निवडला की यानाच्या जागेची माहिती त्या फोटोपुरतीच येते, मोठ्या फायली उतरवाव्या लागत नाहीत. आयसिसला लागणारा बाकीचा मूळ डेटा कॉलेजच्या नेटवर घ्या की.

नकाशा ध्रुवीय प्रक्षेपात, म्हणजे ध्रुव मधोमध धरून करा. साध्या आयताकृतीत ध्रुव फाटल्यासारखा ताणतो आणि तिथल्या चार लांब भेगांचं, म्हणजे वाघपट्ट्यांचं, सगळं सौंदर्य जातं.

चिकोडी ०७:
मास्तरांना दुजोरा. कॅसिनी १४ जुलै २००५ ला एन्सेलाडसजवळून गेलं, त्या फेरीतले फोटो बघा. ऑगस्ट २००९ नंतर दक्षिण ध्रुवावरचा सूर्य मावळला, त्यानंतरच्या फोटोंत तिथं अंधारच.

खानापूरकर:
धन्यवाद सर! जोडाच्या रेघा मात्र कशा घालवू? आणि रंग?

निपाणीचा मास्तर:
सूर्य तिरपा पडला की तोच बर्फ काळपट दिसतो. आयसिसमधलंच फोटोमेट लावून तो फरक काढा, उरलेला त्यातल्याच इक्वलायझरनं. ब्रशनं पुसत बसू नका, खऱ्या भेगाही पुसल्या जातात. रंगासाठी यूव्ही३ (अतिनील), जीआरएन (हिरवा), आयआर३ (अवरक्त) या तीन फिल्टरचे फोटो वेगवेगळे नकाशावर बसवून मगच एकत्र करा. आधी एकाच फिल्टरचे शेजारशेजारचे दोन फोटो जुळवा आणि जोड इथं टाका, बघूया.