प्रतिसाद: एक्स-रे खोलीतून बघितलं तर

वर एका भाऊंनी लिहिलंय की एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता) म्हणजे नुसते कागद रंगवणं. निम्मं पटतं. मी जळगावात एक्स-रे-सीटीवर काम करतो. तपासणीची तारीख लागली की रजिस्टरं पूर्ण करायला रात्रपाळीवालेच सापडतात. पगार तोच, माणसं तेवढीच. चीड येणारच.

पण किरणांपासून वाचवणाऱ्या आमच्या लेड ॲप्रनचं बघा. आधी घडी करून स्टुलावर फेकलेला असायचा. घडीवर आतलं शिसं तडकतं आणि वरून काहीच कळत नाही. आता तो दांडीवर टांगलेला असतो, वर्षातून एकदा फ्लुओरोस्कोपीखाली (पडद्यावर चालू दिसणाऱ्या एक्स-रेखाली) धरून तडे शोधतात. अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा टीएलडी बॅजही दर तीन महिन्यांनी वेळेवर बदलतो, ॲप्रनच्या आत छातीवरच लावायचा. हे नियम मुळात एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे), कितीतरी जुने. साहेबांना आठवले ते तपासणी लागल्यावर, ही गोष्ट वेगळी!

आणि यावल-चोपड्याकडून आलेल्या बाईला ‘शेवटची पाळी कधी आली?’ हे (पोटात बाळ असेल तर एक्स-रेआधी कळावं म्हणून) विचारताना आम्हा पोरांची जीभ अडखळायची. आता तो प्रश्न फॉर्मवरच छापलाय. सिस्टर वाचून दाखवते, बाई सांगते, पुढचा पेशंट.