मदत हवी आहे: ऑनलाइन सरकारच्या खेळात विधान परिषद आणायची आहे, पण घड्याळ आडवं येतंय

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरची काही पोरंपोरी डिस्कॉर्डवर सरकार चालवायचा खेळ खेळतो. राज्य काल्पनिक, 15 आमदारांची एकच विधानसभा, खेळणारे सगळे मिळून 24. खरा एक आठवडा म्हणजे खेळातला एक महिना. दर आठ आठवड्यांनी निवडणूक, कारण त्यापुढं कुणाचा दम टिकत नाही.

भांडण लागलं हद्दवाढीवरनं. (कोल्हापूरकरांचा खेळ म्हटल्यावर दुसरं काय निघणार!) राजधानीत आजूबाजूची गावं घ्यायचं विधेयक रात्री बारानंतर मांडलं गेलं. पाच जण ऑनलाइन होते, तिघांनी हात वर केला, झाला कायदा. गावाकडचे आमदार सकाळी उठून बघतात तर मतदारसंघच गायब.

तेव्हापासून एक गट वरचं सभागृह मागतोय. दुसरा गट म्हणतो, ही पडलेल्यांच्या पुनर्वसनाची सोय आहे, त्यापेक्षा आमदारच 15 चे 11 करा. मसुदा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. माझा कल परिषदेकडं आहे. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे विधान परिषदेचेच सभापती होते, हे मी चर्चेत सांगितलं. त्यावर लगेच उत्तर आलं की तमिळनाडूनं 1986 मध्ये परिषद बंद केली, त्यांचं काय अडलं? आंध्रनं 1985 मध्ये बंद करून 2007 मध्ये परत आणली, असं मी म्हणालो. मग रात्रभर तेच.

खरी अडचण वेगळीच आहे. घटनेप्रमाणं परिषद साधं विधेयक पहिल्यांदा तीन महिने अडवू शकते. विधानसभेनं ते पुन्हा मंजूर केलं की आणखी एक महिना, मग परिषदेला विचारायची गरज नाही. मी हेच जसंच्या तसं उचललं. आमच्या घड्याळात तीन महिने म्हणजे तीन आठवडे, वर एक आठवडा. म्हणजे आठ आठवड्यांच्या सभागृहातले चार आठवडे एकाच विधेयकात गेले! नुसता उशीर करायचा अधिकार दिला होता, तो नकाराधिकार होऊन बसला. हे कसं सोडवू?

दुसरं, परिषदेत बसवायचं कुणाला? महाराष्ट्रात 78 जागांपैकी 30 आमदार निवडतात, 22 स्थानिक संस्था, पदवीधर आणि शिक्षक प्रत्येकी 7, आणि 12 राज्यपाल नेमतात. विधानसभेच्या एक तृतीयांश ही कमाल मर्यादा लावली तर आमच्याकडं पाच जागा होतात. 15 अधिक 5, मग नुसते मतदार उरले चौघे. चौघांसाठी पदवीधर मतदारसंघ काढू काय?

प्रतिसाद 1
महिने मोजू नकोस भावा, कार्यकाळाशी प्रमाण बघ. खऱ्या विधानसभेची मुदत 60 महिने, त्यातले परिषदेच्या हातात चार, म्हणजे पंधरावा हिस्सा. तुमचे आठ आठवडे म्हणजे 56 दिवस. त्याचा पंधरावा हिस्सा चार दिवसांपेक्षाही थोडा कमी. पहिला अडथळा तीन दिवस, दुसरा एक दिवस. विषय संपला. कर-खर्चाच्या धन विधेयकाला तर खऱ्यातही 14 दिवसच असतात, तुम्ही तिथं परिषद मधे घालूच नका.

प्रतिसाद 2
मला तर परिषदेची गरजच दिसत नाही. तुमचा घोळ कोरमचा आहे, म्हणजे बैठकीला किमान किती जण हजर हवेत त्याचा. राज्यघटनेत सभागृहासाठी दहा सदस्य किंवा एक दशांश, यातलं जे जास्त ते धरलंय. तुमच्या 15 मध्ये दहा जण लागले असते, तर मध्यरात्री तिघांना कायदा करता आला असता काय? शिवाय विधेयक मांडणं आणि मतदान यांत एक अख्खा दिवस ठेवा. 24 माणसांत दोन सभागृहं केली की दोन्ही ओस पडतात, हे लिहून ठेवा.

मूळ लेखक
पंधराव्या हिश्शाचा हिशोब झकास, तो तसाच मसुद्यात घेतो. कोरमचं कलमही आज रात्रीच टाकतो, त्याला कुणाचा विरोध नसावा. पण कोरम असला तरी दहाचे दहा शहराचे असले तर गावं पुन्हा जातीलच. म्हणून परिषदेच्या पाचही जागा जिल्ह्यांना द्याव्यात, लोकसंख्या न बघता, असं डोक्यात आहे. कुणी असं करून बघितलंय का?

आणि एक राहिलंच. खऱ्यात विधानसभेनं दोन तृतीयांश मतांनी ठराव केला तरी परिषद आणायचा कायदा संसद करते. आमच्यावर संसद नाही, एक अॅडमिन आहे, आणि तो हद्दवाढवाल्यांच्यातलाच. त्याच्या हातात शेवटची सही ठेवू का नको?