अग्निवीरच्या मेडिकलमधी फिटचा आजार सांगावा का नाही?

प्रश्न (दारव्हा, यवतमाळ): माह्या लहान भावाची अग्निवीरची लेखी निघाली, ग्राऊंडही झालं, १६०० मीटर साडेपाच मिनिटाच्या आत मारले त्यानं, आता मेडिकल आहे. अडचण अशी की नववीत असतांना त्याले दोनदा फिट आली होती, तेव्हापासून रात्री इप्टॉइन ही फिटची गोळी चालू आहे, मंग एकदाही फिट नाही. अकॅडमीचे सर म्हणतात फॉर्मवर 'नाही' लिही, गोळी आठ दिवस आधी बंद कर, कोणाले समजत नाही. बाबाही तेच म्हणून राहिले, घरी सोयाबीनशिवाय दुसरं काही नाही. आईनं जेवण सोडलं. काय करावं?

आशाताई_वर्धा: भाऊ पयले गोळी बंद करू नका, बाकीचं मागून. फिटची गोळी एकदम तोडली की इतके वर्ष काही न झालेल्या माणसालेही जोराची फिट येऊ शकते, एकामागून एक येत राहिल्या तर जिवावर बेतते. कमी करायची का बंद, ते डॉक्टर ठरवतात, अकॅडमीवाले नाही.

माजी_फौजी_बुलढाणा: ताई बरोबर बोलल्या. मेडिकलच्या आधी कानातला मळ डॉक्टरकडून काढून घेणं, हायड्रोसिलचं (अंडकोषात पाणी भरते त्याचं) ऑपरेशन करून कागद सोबत नेणं, ही लपवाछपवी नाही, ते कराच. पण भरतीच्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं तर आर्मी अ‍ॅक्ट १९५० च्या कलम ४४ मधी कोर्ट मार्शल होऊन ५ वर्षांपर्यंत कैद आहे, हे सर सांगत नाहीत. अन् बॅरेकमधी सगळ्यायच्या खाटा लागून, तिथं रोज रात्री गोळी लपवून खाईन कसा तो? पोस्टवर रात्रीची ड्युटी, झोप अर्धवट, अन् झोप मोडली की फिट लवकर येते. हातात भरलेली रायफल, मागं साथीदार त्याच्या भरवशावर झोपलेले. त्यायचाही जीव आहे ना भाऊ.

अकोला_९९: पण सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धरमवीर सिंगचा निकाल पाहा, फिटचाच मामला होता, भरतीच्या वेळी कागदावर नोंद नव्हती म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन मिळाली. मंग न सांगितलेलंच बरं नाही का?

माजी_फौजी_बुलढाणा: नाही. भरतीत नोंद नाही म्हणजे माणूस आला तेव्हा धडधाकट होता असं कोर्टानं धरलं, अन् आजार आधीचा होता हे फौजेले दाखवता आलं नाही. इथं नववीपासूनच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या पोराच्या नावानं आहेत. शिवाय तो रेग्युलर शिपाई होता, अग्निवीरले चार वर्षांच्या नोकरीवर पेन्शनच नाही.

प्रश्नकर्ता: खरं सांगितलं तर अनफिटच होईन ना?

आशाताई_वर्धा: गोळी चालू असतांना होईनच असं धरून चाला भाऊ, खोटी आशा नाही देत. पण तेव्हा तापात फिट आली होती का बिनतापाची, ईईजी (मेंदूचा आलेख) काढला होता का, मिरगी असं कोणी कागदावर लिहिलं का, हे आधी पाहा. सगळ्या चिठ्ठ्या घेऊन नागपूरले सरकारी सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमधी न्यूरोलॉजीले (मेंदूच्या डॉक्टरले) दाखवा, कधीकधी निदानच वेगळं निघते. अनफिट दिलं तर मिलिटरी हॉस्पिटलमधी फेरतपासणी मागता येते, तिथंही हेच कागद लागतीन. अन् बाबाले सोबत न्या, डॉक्टरच्या तोंडून ऐकलं तर त्यायले पटन.