मदत हवी आहे: आईला वाचवण्यासाठी केलेला प्रहार पाप ठरतो का?

सप्रेम नमस्कार. आम्ही कळव्यातील मराठी ख्रिस्ती कुटुंब आहोत. गेल्या महिन्यात पहाटे तीनच्या सुमारास स्वयंपाकघराच्या खिडकीतून चोर आत शिरला आणि आईच्या गळ्याकडे त्याचा हात गेल्याचे दिसताच माझ्या धाकट्या भावाने कपडे वाळत घालायच्या काठीने त्याच्या मनगटावर जोराने मारले. चोर पळाला, आई बचावली. भाऊ मात्र तेव्हापासून प्रभुभोजन (चर्चमधील भाकर व द्राक्षारसाचा पवित्र विधी) घेत नाही. ती पिचलेली काठीही तो दाराआडून हलवू देत नाही.

दुसरा गाल पुढे करण्याविषयीचे बायबलमधील मत्तय ५:३९ हे वचन त्याला स्वस्थ बसू देत नाही. मला वाटते, ते स्वतःच्या अपमानाचा सूड न घेण्याविषयी आहे. निर्गम २२:२ नुसार रात्री घर फोडताना सापडलेला चोर मार लागून मेला, तरी मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष येत नाही. पुढच्याच वचनात, सूर्य उगवल्यावर मात्र हा दोष येतो. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनीही, हेतू जीव वाचवण्याचा आणि बळ गरजेपुरते असल्यास, स्वसंरक्षण योग्य मानले. भाऊ मात्र गेथशेमाने बागेत येशूने आपला शिष्य पेत्र याला तलवार म्यानात घालायला सांगितल्याचे दाखवतो. मेनोनाइट या अहिंसावादी ख्रिस्ती पंथाची परंपराही शस्त्र धरणे नाकारतेच.

भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण भावाचा प्रश्न कायद्याचा नाही. मग लूक २२:३६ मधील येशूची तलवार विकत घेण्याची आज्ञा कशी समजावी? ठाणे किंवा नवी मुंबईत त्याच्याशी शांतपणे, मराठीतून बोलतील असे पाळक किंवा धर्मगुरू कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे.