द्विमितीय पदार्थांची शाई: छापील इलेक्ट्रॉनिक्सला खरंच पेलवेल?

पापुद्रा: २००४ साली भौतिकशास्त्रज्ञ गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटवरून ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ, म्हणून ‘द्विमितीय’, थर सोलला, पण चिकटपट्टीवर कारखाना चालत नाही. २००८ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या कोलमन यांच्या गटाने ग्रॅफाइटची पूड एनएमपी या द्रावकात घालून अल्ट्रासाऊंडने पापुद्रे सुटे केले. पुढे २०१४ मध्ये घरगुती मिक्सर आणि भांड्यांच्या साबणावरही भागलं. माझ्या मते लवचिक सर्किटं यापुढे असे पापुद्रे मिसळलेल्या द्रवाच्या शाईने, तीही स्वस्तात, छापली जातील.

खडूस वाचक: मिक्सरची गोष्ट रंगवून सांगायला बरी. बाटलीत काय उरतं तेही सांगा की! २००८ च्या त्याच कामात एकपदरी ग्राफीन सुरुवातीच्या ग्रॅफाइटच्या वजनाच्या जेमतेम १ टक्का होतं. तेही सोडा. छापलेला थर म्हणजे एकमेकांवर कसेही पडलेले पापुद्रे. पापुद्र्याच्या आत इलेक्ट्रॉन सुसाट जातो आणि दोन पापुद्र्यांच्या सांध्यावर अडकतो. खरं दुखणं तिथे आहे, उत्पादनात नाही. शिवाय एनएमपी २०२ अंशांना उकळतो आणि प्रजननाला घातक आहे, तो वेगळाच ताप.

पापुद्रा: सांध्यांवर उपाय निघालाय. मोलिब्डेनम डायसल्फाइड हा ग्राफीनसारखाच थरांचा, पण अर्धवाहक पदार्थ. पापुद्रे सुटावेत म्हणून त्याच्या थरांत लिथियम घुसवलं की अर्धवाहकाचा धातू होऊन बसतो. २०१८ मध्ये दुआन यांच्या गटाने त्याऐवजी मोठे अमोनियम आयन विजेने आत सारले. रुंद, पातळ पापुद्रे मिळाले, अर्धवाहकपणा शाबूत राहिला आणि मोबिलिटी, म्हणजे इलेक्ट्रॉन किती सहज सरकतात त्याचं माप, १० सेमी²/व्होल्ट-सेकंदच्या आसपास गेली.

खडूस वाचक: तो थर स्पिन कोटिंगने, म्हणजे तबकडी गरगर फिरवून, पसरलेला होता, छापलेला नव्हे.

मधला: दोघांचंही पटतंय, म्हणून पंचाईत. इंकजेटचं छिद्र साधारण २० मायक्रॉनचं. ते तुंबू नये म्हणून कण त्याच्या पन्नासाव्या भागाहून लहान ठेवायचे, म्हणजे ४०० नॅनोमीटरच्या आत. पापुद्रे लहान केले की सांधे वाढले!

पापुद्रा: मग स्क्रीन प्रिंटिंग करा, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापा, त्यात मोठे पापुद्रे चालतात.

खडूस वाचक: चालतात, पण शाई घट्ट करायला बाइंडर, म्हणजे चिकट घटक, लागतो आणि तो बहुधा विद्युतरोधक असतो. इथाइल सेल्युलोज हा असाच एक बाइंडर, तो जाळायला ३०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. ज्यावर छापायचं ती पीईटी प्लास्टिकची फिल्म त्याआधीच वितळते.

पापुद्रा: पॉलिइमाइड हे उष्णता सोसणारं प्लास्टिक घ्या, ते टिकतं.

खडूस वाचक: घेतो. पण ते महाग, मग ‘स्वस्तात छपाई’ हा मुद्दा तुमच्या दाव्यातून खोडा.